ज्योर्जेत वाल्मीची हनुवटी

पॅरिस, ४ नोव्हेंबर १९५७

मोसिए लेस्क्यूर,

तुम्हाला 'तुम्ही' म्हणतेय, यावरून काय ते समजा. पंधरा वर्षं तुम्हाला अरे-तुरे केलं, तुमच्या खोलीत बसून कांद्याचं सूप प्यायले, तुमची आई गेली तेव्हा नाटकाचा प्रयोग सोडून तुमच्यासोबत कबरस्तानात उभी राहिले. ते सगळं संपलं.

तुमच्या 'पेरोके' साप्ताहिकाचा अंक आज सकाळी बेर्तनं आणला. माझी मेकअपची बाई आहे, तिला लपवता येत नाही. तिनं अंक पाठीमागे धरला होता आणि म्हणत होती, "मॅडम, आधी कॉफी घ्या." मी हिसकावून घेतला. पहिल्याच पानावर मी. डोकं खाली, पाय वर, वाद्यवृंदाच्या ढोलात शिरलेली. हनुवटी एवढी की तिनं ढोल फाडलाय. आणि हातात दारूची बाटली!

मी शनिवारी रंगमंचावरून पडले, हे खरं. पायरी कोणीतरी सरकवली होती. तीन वाद्यं मोडली आणि माझी एक बरगडी दुखावली. पण मी प्यायले होते? उन्हाळ्यापासून थेंब घेतलेला नाही मी.

आज बाजारात मासेवाली ओरडली, "काय गं ज्योर्जेत, आज कुठल्या बाटलीत उडी?" सगळी रांग खिदळली. मीही हसले. नटीला हसावंच लागतं. घरी येऊन मात्र दार लावलं.

यापुढे माझं चित्र काढायचं नाही. काढलंत तर वकिलाशी गाठ आहे.

ज्योर्जेत वाल्मी


पॅरिस, ७ नोव्हेंबर

प्रिय ज्योर्जेत,

तू मला हवं तर 'महाराज' म्हण, मी तुला 'तू'च म्हणणार.

रागावलीस, चांगलं झालं. ज्या दिवशी नट माझ्यावर रागावायचे थांबतील, त्या दिवशी मी पेन्सिल खाली ठेवीन. पण एक गोष्ट नीट ऐक. लोकांना वाटतं, नाक मोठं काढलं की अर्कचित्र झालं. नाक तर कुंभारही वाढवतो. माणूस असतो तो नाक आणि ओठ यांच्यामधल्या अंतरात, पापणी उचलायला लागणाऱ्या वेळात, कुणी आपल्याकडे बघत नाही असं वाटतं तेव्हा तोंड कसं पडतं त्यात. मी तिसऱ्या रांगेत बसतो, खिशात हात घालून खिशातल्या खिशात कागदावर रेघा मारतो. तेवढ्यात सापडला तर सापडला. नाही सापडला, तर घरी जाऊन शंभर कागद फाडले तरी तो माणूस येत नाही, त्याचा कोणीतरी चुलतभाऊ येतो.

तू पहिल्याच रात्री सापडली होतीस. बेचाळीस साल, हिवाळा, थिएटरात शेगडी नाही, तू पांघरूण घेऊन गात होतीस.

आणि मी कुणावर अन्याय करत नाही. प्रत्येकाचा चेहरा मी सारखाच ताणतो, मंत्री असो की नटी. तुझी हनुवटी तुला देवानं दिली, मी फक्त पोचवली.

बाटलीचं म्हणशील, तर तू झोकांड्या खात आलीस हे अख्ख्या थिएटरनं पाहिलं. दाराच्या चौकटीला खांदा आपटलास, खुर्चीला अडखळलीस, मग खाली. संपादक कार्दों म्हणाला, "बाटली टाक, नाहीतर लोकांना कळणार कसं?" मी टाकली.

डिसेंबरात 'पेरोके' माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरवतोय. तुझी एक अख्खी भिंत आहे. ये, आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडात मार. तिकिटं खपतील.

फेर्नां


पॅरिस, ९ नोव्हेंबर

मोसिए,

येणार नाही.

हातही तुम्ही भाकरीवाल्यासारखे काढता हल्ली. माझ्या हातांवर एकेकाळी कवितासुद्धा झाल्या होत्या. म्हणून आता हातमोजे घालूनच गाते. समाधान झालं?

ज्यो. वाल्मी


पॅरिस, १५ डिसेंबर

ज्योर्जेत,

हे पत्र फाडू नकोस. हात जोडतो. थट्टा नाही यात, एक अक्षरही नाही.

काल प्रदर्शन उघडलं. गर्दी होती, शँपेन होती, कार्दों मिशीला पीळ देत फिरत होता. तुझ्या भिंतीपुढे लोक सगळ्यात जास्त हसत होते. पंधरा वर्षांतली तू, ओळीनं. बहुतेक चित्रांत शेजारी रिगो आहे, तुझा जोडीदार, तो त्याचा अकॉर्डियन आणि लोंबते कान घेऊन.

एक म्हातारे गृहस्थ बायकोबरोबर आले होते. बारीक, टापटीप, कोटाला जुनं सन्मानपदक. ते हसत नव्हते. डावीकडून उजवीकडे चालत गेले, परत डावीकडे आले, चष्मा पुसला, पुन्हा चालले. त्यांची बायको म्हणाली, "चला ना, बस चुकेल." त्यांनी ऐकलंच नाही. मग मला विचारलं,

"ही बाई अजून जिवंत आहे का?"

मला वाटलं, थट्टा. मी म्हणालो, "शनिवार-रविवारी दोन-दोन खेळ करते, इतकी जिवंत."

ते म्हणाले, "तुम्ही चित्रकार? मग सांगा, तुम्ही दर वर्षी हिला जरा जास्त ताणता का?"

"नाही. माझं माप एकच असतं."

"तेच मी बघतोय. या शेजारच्या माणसाचे कान पंधरा वर्षं तेवढेच आहेत. नाकही तेवढंच. मग हिचंच नाक का वाढलं? कपाळाचं हाड पुढे का आलं? हनुवटी?"

मी भिंतीकडे वळलो. ज्योर्जेत, मी ती चित्रं एकेक करून काढलीत, पण एका रांगेत काल पहिल्यांदाच पाहिली. पहिल्या चित्रातली मुलगी आणि शेवटच्या चित्रातली बाई. मी इतकी वर्षं समजत होतो की माझा हात सुधारतोय, तू मला अधिकाधिक सापडतेयस. माझा हात होता तिथंच होता. चेहरा सरकत होता.

ते डॉक्टर आहेत, उस्त्रिक नाव. निवृत्त झालेत, पण मंगळवारी दुपारी घरी लोकांना तपासतात. त्यांनी विचारलं, दातांत फटी पडल्यात का? मी म्हणालो, हो, हल्ली काढतो मी त्या, लोकांना आवडतात. त्यांनी विचारलं, आवाज जाड झालाय का, बूट मोठे लागायला लागलेत का, डोकं दुखतं का? मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मग ते खूप हळू म्हणाले, "त्यांना माझ्याकडे पाठवा. उशीर करू नका. चेहऱ्याची गोष्ट नाहीये ही."

घरी येऊन तुझे जुने फोटो काढले. फोटोत कळत नाही. फोटोग्राफर तुला तिरपी बसवतात, प्रकाश वरून टाकतात, मग चेहऱ्यावरच्या रेघा हातानं पुसतात. सगळ्या पॅरिसनं तुझा चेहरा पुसून ठेवला. मी एकट्यानं नाही पुसला. आणि मला तरी कुठं दिसलं?

जा. या मंगळवारीच जा. पत्ता मागं लिहिलाय.

फेर्नां


पॅरिस, १७ डिसेंबर

मोसिए लेस्क्यूर,

तुमचं पत्र वाचून मी थक्क झाले. माणूस एवढ्या थराला जातो? आधी दारुडी, आता रोगी! पुढच्या अंकात काय, शवपेटी? कार्दोंनं सुचवलं का हेही? 'नाहीतर लोकांना कळणार कसं?'

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. रुबेच्या गिरणीत विणकाम करणाऱ्याची मुलगी आहे. आमच्याकडच्या बायकांची हाडं रुंदच असतात, वयानुसार आणखी रुंदावतात. माझ्या आत्याकडे पाहा. (आत्या मेलीय. पण ती असती, तर पाहिलं असतंत.)

तुमची भिंत पाहायला रिगो गेला होता. परत आल्यापासून माझ्याशी बोलताना तो माझ्या खांद्याकडे बघतो. तुम्ही मला चारचौघांत बिचारी करून टाकलंत. यापेक्षा बाटली बरी होती.

हे शेवटचं पत्र.

ज्योर्जेत वाल्मी

पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. एवढंच सांगा. त्या म्हाताऱ्याला माझ्या बुटांबद्दल कोणी सांगितलं? बेर्तनं? तिनं शपथ घेतलीय की तिनं नाही.


पॅरिस, १७ डिसेंबर, संध्याकाळ
(नळीतून हवेच्या दाबानं जाणाऱ्या तातडीच्या टपालानं)

कोणीही नाही. मलाच माहीत नव्हतं, तर त्यांना कोण सांगणार?

मीही एक विचारतो. रागावू नकोस. त्या शनिवारी तुला पायरी दिसलीच नव्हती का? आणि दाराची चौकट?

जा, ज्योर्जेत.

फे.


पॅरिस, ११ जानेवारी १९५८

फेर्नां,

मी गेले होते. आधी नाताळ काढला, मग नवं वर्ष काढलं, मग आणखी सबब उरली नाही म्हणून गेले. बेर्तला बरोबर नेलं.

म्हाताऱ्यानं मला खिडकीसमोर बसवलं. माझ्याकडे नटी म्हणून बघितलं नाही, बाई म्हणूनही नाही. तू बघतोस तसं बघितलं. मला एकदम तुझी तिसरी रांग आठवली. मग म्हणाला, "माझ्या नाकाकडे पाहा. आता माझं बोट दिसलं की सांगा." मी त्याच्या नाकाकडे बघत बसले. चांगला वेळ गेला. मी म्हणाले, "डॉक्टर, करा ना सुरू." बेर्त मागून रडायला लागली. तो केव्हापासून दोन्ही बाजूंना बोटं हलवत होता. मला काहीच दिसलं नव्हतं.

कोणी पायरी हलवली नव्हती, फेर्नां. मला समोरचं दिसतं, बाजूचं जग नाहीसं झालंय. हळूहळू गेलं, म्हणून कळलं नाही. मला वाटायचं लोक हल्ली मुद्दाम अंगावर येऊन आपटतात.

आता सगळं सांगते, कारण लपवून मी कंटाळले. तीन वर्षं डोकं दुखतंय, रोज सकाळी. आईची अंगठी बोटात रुतली, ती सोनाराकडून कापून घ्यावी लागली. त्याला म्हणाले, उकाड्यानं सुजलं. बूट मी दुसऱ्या मोहल्ल्यातून घेते, जिथं मला कोणी ओळखत नाही. दुकानदार विचारतो, "मिस्टरांना का?" मी म्हणते, हो. टोप्या बेर्त उसवून मोठ्या करते. आणि तू ज्या दातांच्या फटी काढतोस, त्यांत मी मेण भरते, प्रयोगाआधी. तरी तुला दिसल्याच.

मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक गाठ प्रत्येकालाच असते म्हणे. माझी वाढलीय. तीच शरीराला सांगत सुटलीय, वाढ, वाढ. आणि डोळ्यांच्या नसांवर बसलीय. उस्त्रिक म्हणाले, आणखी एक हिवाळा गेला असता, तर अंधार झाला असता. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत डोकं उघडणार आहेत. केस कापतील. मी विचारलं, "मग चेहरा पूर्वीसारखा होईल?" ते म्हणाले, "सूज उतरेल, बोटं बारीक होतील. हाड परत जात नाही."

घरी येऊन तुझी सगळी चित्रं काढली. मी ती साठवते, हे तुला माहीत नव्हतं ना? जमिनीवर मांडली, मध्ये बसले. फेर्नां, मला त्या मुलीची दया आली. ती केव्हा गेली, मला कळलंच नाही. तू तरी निरोप देत होतास तिला, दर महिन्याला.

कोणाला सांगू नकोस. थिएटरला कळवलंय, घसा.

ज्योर्जेत


पॅरिस, १४ जानेवारी

ज्योर्जेत,

तुझं पत्र वाचून मी उठलो आणि मला कुठं जायचंय तेच कळेना. टोपी घातली, काढली.

तू पडत होतीस आणि मी तिसऱ्या रांगेत बसून खिशात रेघा मारत होतो. तू चौकटीला खांदा आपटलास तो दारूनं नव्हता आपटला. मी स्वतःला बघणारा म्हणवतो! मी हात बघितला, झोक बघितला, आणि कारण कार्दोंकडून घेतलं.

आणखी एक ऐक, माझ्याकडूनच कळलेलं बरं. उस्त्रिक तुझ्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. पण प्रदर्शनात त्यांचं-माझं बोलणं चालू असताना कोणीतरी ऐकत होतं. कार्दोंनं मला बोलावलं. टेबलावर पहिल्या पानाचा कच्चा नमुना तयार. वर मथळा: 'आमच्या चित्रकारानं नटीचा जीव वाचवला!' खाली तुझी रांग, डावीकडून उजवीकडे.

मी म्हणालो, "हे जाणार नाही."

"वेडा आहेस का? पन्नास हजार जास्त खपेल."

"ती अजून ऑपरेशनच्या टेबलावरही गेलेली नाही."

"मग तर घाई करायला हवी," तो म्हणाला.

खरंच म्हणाला तो असं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. एवढी वर्षं त्याचं चित्र मला कधी जमलं नव्हतं, तो नेहमी सुटायचा. त्या क्षणी सापडला. मूळ चित्रं माझ्या मालकीची आहेत, मी ती भिंतीवरून उतरवून गाडीत घातली. म्हणालो, हा मथळा छापलास तर ही चित्रं जाळीन आणि दुसऱ्या दिवशी तुझं चित्र समोरच्या साप्ताहिकात छापून आणीन. तो पांढरा पडला. मथळा गेला. माझी नोकरीही गेली, पण ती गोष्ट वेगळी.

तुझं चित्र मी यापुढे काढणार नाही. शपथ घेतली.

तुझा फेर्नां


बेर्क, समुद्रकाठ, २० मे १९५८

फेर्नां,

हे माझ्या हातचं आहे. अक्षर तिरपं जातंय, कारण डाव्या बाजूचं अजून पूर्ण आलेलं नाही. उजवीकडचं आलं. ज्या दिवशी आलं, त्या दिवशी एक नर्स खिडकीशी उभी राहून चोरून चेरी खात होती, ती मला मान न वळवता दिसली. मी अशी किंचाळले की तिच्या हातून वाडगाच पडला.

केस बोटभर आलेत. बोटं उतरलीत. डोकं दुखत नाही. आणि चेहरा तोच आहे, हाड परत जात नाही. पहिल्या महिन्यात आरसा उलटा करून ठेवला होता.

तू चार वेळा आलास आणि चारही वेळा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाहीस. समुद्राबद्दल बोललास. तू! तुला समुद्रातलं काय कळतं?

आता काय झालं ते ऐक. काल बंदरावर एक बाई समोर आली, थबकली, छातीवर क्रूस केला. म्हणाली, "मादाम वाल्मी? आम्हाला वाटलं तुम्ही गेलात!" मी विचारलं, का वाटलं असं? ती म्हणाली, "हल्ली कुठं तुमचं चित्र येत नाही ना."

हसू नकोस. मी हसले नाही. मी तिथंच बाकावर बसले. माणूस मेल्यावरच पॅरिस त्याची थट्टा थांबवतं. तुझ्या शपथेनं मला पुरलंय, फेर्नां.

सप्टेंबरात मी रंगमंचावर येतेय. रिगो आहे, थिएटर ठरलंय. तू यायचंस, आणि काढायचंस. हनुवटीसकट. सगळंच. फक्त बाटली नको.

ज्योर्जेत


पॅरिस, २४ मे

हे तू माझ्याकडे मागू शकतेस? मी दोन दिवस पत्र घेऊन फिरतोय. लोक हसतील, ज्योर्जेत. ज्यानं तुझा जीव घेतला असता, त्यावर हसतील.

हात उचलत नाही.

फे.


बेर्क, २६ मे

ते चाळीस वर्षं... जाऊ दे, वीस वर्षं तरी माझ्यावर हसतायत. त्यावरच मी जेवले. आता जर ते हसले नाहीत आणि नुसते कण्हले, तर मी खरंच आजारी पडेन.

ये.

ज्यो.


पॅरिस, २८ सप्टेंबर १९५८

ज्योर्जेत,

काल दाराशी एवढी गर्दी होती की तुझ्यापर्यंत पोचता आलं नाही. म्हणून लिहितो.

मी तिसऱ्या रांगेत होतो. पडदा वर गेला आणि तू आलीस, तेव्हा लोकांनी श्वास रोखला, तो मी ऐकला. माझ्या शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "अगंबाई, ही ती?" माझे हात खिशात गोठले. कुणी टाळी वाजवेना. भीती काय असते ते मला काल कळलं.

तू पुढे आलीस. डावीकडचं दिसत नाही म्हणून अख्खी मान वळवून, टोकापासून टोकापर्यंत, सगळ्यांकडे पाहिलंस. एखादा म्हातारा कप्तान जहाजावरून किनारा शोधतो तसं. आणि त्या नव्या, जाड आवाजात म्हणालीस, "बघून झालं? मग रिगो, वाजव. माझ्या हनुवटीला थंडी वाजतेय."

छप्पर उडालं! रिगोला तर सूरच सापडेना. मी हसत होतो, डोळ्यांना पाणी लागलं होतं, आणि खिशातला हात आपोआप चालू झाला होता. मला आवरता आला नाही.

चित्र नव्या साप्ताहिकात मंगळवारी येईल. आधी तुला पाठवतो. नको असेल, तर शब्द टाक, फाडीन.

फेर्नां


पॅरिस, २९ सप्टेंबर

फेर्नां,

चित्र मिळालं. मला ते एकदम दिसत नाही, तुकड्या-तुकड्यानं बघावं लागतं. आधी हनुवटी आली. मग हात. मग ती मान वळवण्याची तऱ्हा. मग डोळे. तेव्हा माझ्या तोंडून "अय्या!" निघालं, बेर्त धावत आली, तिला वाटलं पुन्हा डोकं.

वर्षभर मी आरशात बघतेय आणि मला आजार दिसतोय. डॉक्टरांनी माझे पंचवीस फोटो काढले, त्यांत आजारच होता. यात मी आहे. बाई दांडगी आहे, कुरूप आहे, आणि मीच आहे. तुझ्याशिवाय हे कुणी मला सांगितलं नसतं.

छाप.

पण नाक तू कमी काढलंयस. मी मोजून बघितलं, हनुवटी जेवढी ताणलीस तेवढं नाही ताणलंस. तुझा हात भ्यायला. आज संध्याकाळी सूप प्यायला ये, मी समोर बसते, दिवा जवळ ओढते. नीट बघ, आणि काय आहे ते काढ.

तुझी
ज्योर्जेत